पानाबाईच्या वाट्याचे दोन सड

जिनदासच्या दुकानात नवा नोकर लागला, की त्याला मापं-तराजू दाखवायच्या आधी एक गोष्ट सांगत: म्हातारीचं, म्हणजे शेठच्या आईचं, दूध पिऊन होईस्तोवर मागच्या घरात पाय ठेवायचा नाही. मग दारात पाहुणा येऊन बसो, की सरकीची गाडी उलटो. वऱ्हाडातल्या त्या मालेगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पानाबाई दूध पीत असताना तिला हाक मारायची हिंमत आजवर एकानंच केली होती, आणि तो तिचा सख्खा भाऊ होता. त्यानंतर तो बहिणीकडे आला तो दुपारचाच.

तिची दूध प्यायची रीतच तशी होती. देवळातून दर्शन करून आली, की चुलीजवळ पाटावर पूर्वेला तोंड करून बसायची. पितळी पेला दोन्ही हातांत धरायची. दूध ओठाला लागेल पण जीभ पोळणार नाही, इतकंच गरम हवं. साखरेचा कण चालायचा नाही. साखर घातली, की दूध जातं अन् साखर उरते, असं ती म्हणायची. वेलदोडा-केशर ही तिच्या मते आजाऱ्याची सोंगं. साय बाजूला काढून सुनेला द्यायची, कारण अंगुरीबाईला साय जीव की प्राण होती, आणि पानाबाईला सुनेचा राग आला तरी सुनेच्या आवडीचा राग कधी आला नाही. घोट घोट घेत, डोळे अर्धे मिटून ती पेला संपवायची आणि मग घरात माणसं बोलायला मोकळी व्हायची.

म्हशीच्या दुधाला तर ती दूध मानतच नव्हती. म्हशीचं प्यालेला माणूस रस्त्यात उभा राहतो आणि सरक म्हटलं तरी सरकत नाही, असं ती जिनदासकडे बघत बोलायची, कारण जिनदास आजोळी म्हशीच्या दुधावर वाढला होता. मोटारीच्या थांब्यावर चहाचं हॉटेल निघालं, तेव्हापासून तो तिथं चहा घ्यायचा आणि घरी येताना तोंडात लवंग टाकायचा. पानाबाईला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. अंगुरीबाई दुपारी सासू देवळात गेली, की चहाची पुडी डाळीच्या डब्यातून बाहेर काढायची, तेही कळलं होतं. आपल्या चुलीवर आपल्या डोळ्यांदेखत तो पाला उकळला नाही म्हणजे झालं, एवढ्यावर तिनं तह केला होता.

आता जैनांच्या घरी दुधाचे नेम असतातच. गाईची कास धुवावी, दूध जाड कापडातून गाळावं, धार काढल्यापासून दोन घटकांच्या आत ते चुलीवर चढावं, आणि दिवस मावळायच्या आत पोटात जावं. हे सगळं पानाबाईचं कारंज्याला माहेरी लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पण त्यात तिनं स्वतःची एक भर घातली होती. वासराचं पोट भरल्याशिवाय ती दुधाला शिवायची नाही. गाईला चार सड आहेत, दोन वासराचे, दोन माणसाचे. याच्या पुढं जो हात घालेल तो चोर. यावरून जगदेव गवळ्याशी तिचं वाजलं होतं. त्याचं वासरू खुंट्याला बरगड्या मोजून घ्याव्यात असं उभं दिसलं, तेव्हा तिनं त्याच्या अंगणातच भरलेली चरवी त्याला परत केली आणि महिनाभर दूधच घेतलं नाही. जगदेव गावभर सांगत सुटला, की या बाईला दूध द्यायचं म्हणजे गाय नाही, न्यायाधीश पाळावा लागेल. पानाबाईच्या कानावर ते आलं. तिला ते आवडलं असावं, कारण तिनं काही उत्तर दिलं नाही.

मग लाखी आली. लाखी म्हणजे एक तांबडी, हाडकलेली कालवड. गुरांच्या बाजारात कसायाच्या दाव्याला बांधलेली पानाबाईनं पाहिली, आणि नवऱ्यानं, लखमीचंदनं, हयातीत केलेली गळ्यातली सोन्याची पुतळी तिथंच काढून दिली. जीव सोडवला, पण ठेवायचा कुठं? घर बाजारपेठेतलं, अंगण पंच्यासारखं आखूड. तेव्हा बाजारात लमाण तांड्यावरची कमलीबाई लाकडाची मोळी घेऊन आलेली होती. मेडशीच्या वाटेवर, गावापासून गाय सहज चालत येईल इतक्या अंतरावर तिचा तांडा. पानाबाईनं तिला आपादमस्तक पाहिलं, फेटियाला, म्हणजे घेरदार घागऱ्याला, पुसलेले हात पाहिले, आणि दावं तिच्या हाती दिलं.

कमलीबाईची अट एकच होती. दूध विकणार नाही. तांड्याची जुनी माणसं दूध विकणं म्हणजे पोटचं पोर विकणं मानत. गाय शेठानीची, दूध शेठानीचं, शेण आणि होणारी वासरं कमलीबाईची, असं ठरलं. पानाबाईला हे मनापासून पटलं. मग तिनंही आपली अट सांगितली. सकाळी दोन सड तिचे, दोन वासराचे. संध्याकाळचं सगळं वासराचं. तिसऱ्या तोंडाला लाखीचं दूध लागता कामा नये. कमलीबाईनं मान डोलावली.

लाखी व्याली, तेव्हापासून दूध पानाबाईकडे यायचं नाही, गाय यायची. दोन घटकांची मर्यादा पाळायची तर दुसरा इलाज नव्हता. रोज सकाळी पुढं कमलीबाई, मागं लाखी, तिच्या मागं उड्या मारत वासरू, अशी वरात बाजारपेठेतून निघायची. पानाबाई ओट्यावर बसून बघायची. वासराच्या तोंडाला फेस आला, की ती मान हलवायची आणि मग धार निघायची. अशी काही वर्षं गेली. दोघी एकमेकींशी फार बोलायच्या नाहीत. पण कमलीबाईला सून आली, त्या सुनेला, ललिताला, मुलगी झाली, तेव्हा पानाबाईनं कुंची शिवून पाठवली होती आणि गुळाची ढेप दिली होती.

ते छप्पन साल. आपण नागपूरकडे राहणार की मुंबईकडे जाणार, यावर चावडीवर रोज कुस्त्या चालायच्या. पानाबाईनं मात्र तिकडं लक्ष दिलं नाही, कारण त्या भादव्यात तिनं दशलक्षणाचे दहाही उपवास धरायचं ठरवलं होतं. साठी ओलांडलेली, अंगात हाडं तेवढी उरलेली. जिनदासनं विनवलं, देवळातल्या बायकांनी समजावलं. ती म्हणाली, माझं शरीर मला ठाऊक आहे, तुम्ही आपापलं सांभाळा. कमलीबाईला तिनं निरोप दिला, की पारण्यापर्यंत गाय आणू नकोस, माझ्या दोन सडांचंही वासराला पाज. पौर्णिमेला सकाळी ये. पारणं लाखीच्याच दुधानं करीन, दुसऱ्यानं नाही.

दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. पहिले दिवस सरले, मग तिला उठताना भिंत लागायला लागली, मग अंगुरीबाईचा खांदा. आवाज बसला. पण मन फार खुशीत होतं. आपल्या वाट्याचं दूध पिऊन वासरू गुबगुबीत झालं असेल, या विचारानं तिला पडल्या पडल्या हसू यायचं. जन्मात इतकं स्वच्छ पुण्य आपण कधी केलं नाही, असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटण्याची तिला लाजही नव्हती.

पौर्णिमेला सकाळीच घर बायकांनी भरलं. चूल पेटली, गाळायचं फडकं धुऊन तयार, एका भांड्यात मुगाचं पाणी काढलेलं. पानाबाईला देवळातून धरून आणलं आणि ओट्यावर टेकवून बसवलं. ऊन अंगणात आलं. गाय आली नाही. ऊन पायरीवर चढलं, तरी वाटेवर घुंगरू वाजेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीची मान मधूनच कलंडत होती आणि हात गुडघ्यावर ठरत नव्हते. जिनदास दोनदा वेशीपर्यंत जाऊन आला. शेवटी तिच्यापुढं बसला आणि म्हणाला, बाई, जगदेवच्या घरून गाईचं आणतो, तुझ्यासमोर धुऊन-गाळून घेतो, हट्ट सोड, तुझ्या जिवाचं बरंवाईट झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.

"कमली येईन," पानाबाई म्हणाली आणि डोळे मिटले.

कमली आली, ती धापा टाकत. मागं लाखी आणि वासरू, पाठीला झोळी बांधलेली आणि झोळीत नात. ललिताचा ताप वाढला, घरात पोरीजवळ कोणी नाही, म्हणून बरोबर आणली, एवढंच तिनं सांगितलं. झोळी सोडून तिनं पोरीला पोत्यावर, पानाबाईच्या पायाशी ठेवलं आणि वासरू मोकळं केलं.

वासरू गाईला लुचू लागलं. पानाबाईनं डोळे ताणून पाहिलं. वासरू चांगलं होतं, चपळ होतं, पण होतं तसंच होतं. तसूभरही जास्त भरलं नव्हतं. तिच्या कपाळाला आठी पडली. वासराच्या तोंडाला फेस आला, कमलीबाईनं त्याला ओढून बांधलं, हात धुतले, कास धुतली, चरवी गुडघ्यांत धरली आणि पहिली धार रिकाम्या चरवीच्या बुडाशी वाजली.

त्याबरोबर पोत्यावरचं ते एवढंसं लेकरू, इतका वेळ गप पडलेलं, हातपाय झाडायला लागलं. तोंड चरवीकडे वळवलं, ओठ मचमच करायला लागलं. कमलीबाई सड बदलायला थांबली, तर पोरगी रडली. धार परत वाजली, तर रडं थांबलं आणि ओठ हलायला लागले.

बाकीच्या बायकांना त्यात काही दिसलं नाही. पानाबाईला दिसलं. तिनंही पोरं वाढवली होती, पुरलीही होती. आईच्या अंगावर पिणारं लेकरू आईच्या वासाला वळतं. हे धारेच्या आवाजाला वळत होतं.

"कमले," ती म्हणाली, "हे पोट्टी कोनाचं दूध पेते?"

कमलीबाईचा हात थांबला. खोटं बोलली असती तर पचलंही असतं, दहा दिवसांची उपाशी म्हातारी किती खोदणार होती? पण तिनं चरवी खाली ठेवली.

"लाखीचं, माय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ललिताला पोळ्याच्या सुमाराला हिवताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. घरात दुसरं दुभतं नव्हतं. शेळी होती, ती आषाढात लांडग्यानं नेली. शेजारून हरिसिंगाच्या घरून चार दिवस वाटी वाटी मागून आणलं, मग त्यांचीही गाय आटली. ज्वारीच्या पिठाची पेज पाजली, ती पोरीच्या पोटात ठरेना. पोरगी रडायचीसुद्धा थांबली. आणि रोज सकाळी कमलीबाई भरल्या कासेची गाय घेऊन पोरीच्या अंगावरून गावात येत होती आणि रिकामी परत नेत होती. तेवढ्यात निरोप आला, की गाय आणू नको.

"वासराचं नाई घेतलं म्या," कमलीबाई म्हणाली. "त्याच्या दोन सडाले हात नाई लावला. तुमच्या दोन सडाचं घेतलं. तुमी उपाशी राह्यल्या म्हून हे जगली. आज पारनं, आज तुमचं तुमाले आनलं. रस्त्यानं दोन डाव माघारी फिरली मी, पन आली."

"तुले तोंड नोतं?" पानाबाईचा आवाज फुटला. "मले सांगाले काय झालतं?"

"तुमीच बोल्ल्या होत्या ना माय. तिसऱ्या तोंडाले लावाचं नाई."

जन्मभर पानाबाईनं दुसऱ्यांच्या वासरांची पोटं पाहिली, गवळ्याला त्याच्याच अंगणात चोर ठरवलं, आणि रोज सकाळी समोर येणाऱ्या बाईला लेकरू दूध पितं का, एवढं एक विचारलं नाही. तिला लाज वाटली. तिला लाज वाटायची सवय नव्हती, त्यामुळे ती जास्तच लागली. आणि त्या लाजेच्या पोटातच दुसरं काही होतं, ते तिला आधी ओळखू येईना. आपण पडल्या पडल्या ज्या वासराला धष्टपुष्ट करत होतो, ते तर जसं होतं तसंच होतं. आणि जिचं नावही आपण विचारलं नव्हतं, ती पोरगी आपल्या उपवासावर जगली होती.

अंगुरीबाईनं दूध गाळून चुलीवर चढवलं होतं. ते वर आलं आणि त्याचा वास अंगणात पसरला. पानाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. दहा दिवसांची भूक एकदम पोटात उभी राहिली आणि तिला वाटलं, आधी पेला द्या, मग बाकीचं बोला. खरंच वाटलं. तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

"अंगुरी, माळ्यावरचं बोंडलं काढ. धुऊन आन."

बोंडलं आलं. जिनदास लहानपणी त्याच चोचीच्या वाटीनं प्यालेला. दूध निववलं, आणि पानाबाईनं पोरीला स्वतःच्या मांडीवर घेतलं. बोंडलं अंगुरीबाईनं धरलं. पोरगी प्याली, मध्ये दमली, परत प्याली. पारण्याला जमलेल्या बायका उभ्याच होत्या, आणि आधी पारणं करा म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. पोरीनं तोंड फिरवलं तेव्हा पानाबाईनं सुनेकडे मुगाचं पाणी मागितलं.

जिनदास पुढं झाला. दूध शिल्लक होतं, घोटभर तरी घे, असं तो काकुळतीला येऊन म्हणत होता. पानाबाईनं त्याला हातानंच थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे पोट्टीच्या तोंडाले भाकर लागेपर्यंत मले दुधाचा त्याग."

आता त्याग म्हटला, की तो देवासमोर बोलल्यासारखाच. तो कोणाला मोडवता येत नव्हता. कमलीबाई रडायला लागली. गाय तुमची, दूध तुमचं, मी तुमच्या तोंडचं काढलं, असं म्हणत ती पायाशी बसली.

"गाय माहीच हाये," पानाबाई म्हणाली. "मंग माह्या सडांचं काय कराचं, ते मीच सांगीन ना."

त्यानंतर गाय तांड्यावरच राहिली. गावात लोक म्हातारीला हात जोडायला लागले, पण घरच्यांना विचाराल तर ते दिवस सोपे नव्हते. दूध सुटल्यावर पानाबाईचं डोकं जागेवर राहिना. डाळीत खडे दिसायचे, भांड्यांचे आवाज सोसायचे नाहीत. सकाळी ती सवयीनं पाटावर जाऊन बसायची, मुगाचं पाणी प्यायची आणि अर्ध्यातच उठायची. घरातलं दूध जगदेवकडून म्हशीचं यायचं. ते तापायला लागलं, की ती ओट्यावर निघून जायची. तिला दुधाची आठवण येत होती, आणि कोणी विचारलं तर ती सरळ हो म्हणायची. त्यात लपवायचं काय, असं तिचं म्हणणं होतं. अंगुरीबाईनं एकदा धीर करून चहाचं विचारलं. सासूनं नुसतं पाहिलं, तेवढं पुरलं.

होळी झाली आणि एका सकाळी मेडशीच्या वाटेनं घुंगरू वाजलं. पुढं कमलीबाई, मागं लाखी, मोठं झालेलं वासरू, आणि कमलीबाईच्या कडेवर ती पोरगी, दोन्ही हातांत भाकरीचा कोर धरून चोखत असलेली. तिनं तो चावला, गिळला आणि परत चावला. त्याग पुरा झाला होता. जिनदास दुकान टाकून आत आला. अंगुरीबाईनं न सांगता चूल पेटवली, पेला घासला, फडकं धुतलं. कमलीबाईनं हात धुतले, कास धुतली आणि चरवी गुडघ्यांत धरली. पानाबाई ओट्यावर बसून बघत होती.

"थांब कमले," ती म्हणाली. "तांड्यात आता कोनाचं लेकरू लहान हाये?"

कमलीबाईनं वर पाहिलं नाही.

"किसनसिंगाचं," ती म्हणाली. "महिन्याचं. पन त्याची माय हाये ना. पाजते ते."

"पुरते?"

कमलीबाईनं चरवी खाली ठेवली.

"मंग गाय इतं कायले उभी केली? ने लवकर. ऊन चढून राह्यलं."

वरात आली तशी बाजारपेठेतून परत गेली. जिनदास दुकानात जाऊन बसला. पानाबाई उठली, आत गेली, पाटावर बसली, मुगाचं पाणी मागून घेतलं आणि एक घोट घेऊन सुनेला म्हणाली, की यात आज मीठ कमी पडलं आहे.